पात्राला 'का' कोण विचारतं? कॅरेक्टर शीट, दशावतारातला कीचक आणि प्रेरणेचा पुरावा

टेबलटॉप रोलप्लेइंग गेममध्ये पात्र कसं उभं करायचं, यावर सल्ल्यांचा तुटवडा नाही. बहुतेक सल्ल्यांचा सूर एकच असतो. आधी पात्राला काय हवंय ते ठरवा, त्याला भीती कशाची वाटते ते ठरवा, लहानपणी काय घडलं ते लिहून काढा आणि मग खेळायला बसा. म्हणजे स्वभाव आधी आणि खेळ नंतर. या लेखात मला या क्रमावरच शंका घ्यायची आहे. त्यासाठी आपल्या कोकणातल्याच एका रंगपरंपरेची मदत घेणार आहे, जिथे नटाच्या हातात संवादाचा कागद नसतो आणि तरी पात्र रात्रभर उभं राहतं.

पेटची तयारी करणाऱ्यांनी किंवा सिनॉप्सिस लिहायला घेतलेल्यांनी हे का वाचावं? कारण 'पात्राची प्रेरणा' हा शब्द साहित्य, नाट्यशास्त्र, गेम स्टडीज अशा सगळीकडच्या सिनॉप्सिसमध्ये येतो, आणि तो बहुतेक वेळा असा येतो, जणू प्रेरणा ही पात्राच्या पोटात ठेवलेली वस्तू आहे आणि संशोधकानं ती फक्त बाहेर काढायची आहे. मार्गदर्शक किंवा समितीतलं कुणी विचारतं, 'ही प्रेरणा तुम्हाला कुठे दिसली? पुरावा काय?' तिथे गाडी अडते. गेमवर काम करणारे अशा वेळी कॅरेक्टर शीटकडे बोट दाखवतात. ते बोट पुरेसं का नाही, हे आपण बघू.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण गेम मास्टर असतो. तो जग, प्रसंग आणि त्या जगातली बाकी सगळी माणसं सांभाळतो. इतर प्रत्येकाचं एक पात्र असतं. 'मी दार उघडते', 'मी पहारेकऱ्याला लाच देतो' असं बोलत खेळ पुढे सरकतो, आणि जिथे निकाल अनिश्चित असतो तिथे फासे पडतात. पात्राची माहिती ज्या कागदावर असते ती कॅरेक्टर शीट. पडदा नाही, संगणक नाही, जे काही घडतं ते बोलण्यातून.

एका शब्दात तीन गोष्टी

'मोटिव्हेशन'ला आपण सरसकट 'प्रेरणा' म्हणतो आणि तिथेच घोळ सुरू होतो. या एका शब्दाखाली निदान तीन वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात.

समजा एका खेळाडूनं शीटवर लिहिलं, 'माझ्या पात्राला सूड हवा आहे.' यातला हेतू असा की बंदरावरच्या एका सावकाराला गाठायचं. कारण असं की त्यानं तिच्या बापाची होडी ओढून नेली. आणि स्वभाव? तो या वाक्यात अजून आलेलाच नाही. ती चिडली की आरडाओरडा करते की गप्प होते? सावकाराचा लहान मुलगा समोर आला तर तिचा हात थांबतो का? दिलेला शब्द ती पाळते का? हेतू आणि कारण तेच ठेवून इथे दोन अगदी वेगळी माणसं तयार होऊ शकतात.

हेतू म्हणजे पुढे काय हवंय. कारण म्हणजे मागे काय झालं. स्वभाव म्हणजे या दोन्हींच्या मधल्या वाटेवर हे माणूस कसं चालतं. पहिल्या दोन गोष्टी घरी बसून लिहिता येतात. तिसरी लिहिता येते का, हाच खरा प्रश्न आहे. 'शूर', 'हट्टी', 'प्रेमळ' असे शब्द कागदावर उतरतात, पण तो स्वभाव नव्हे, स्वभावाबद्दलचं आपलं एक भाकीत असतं. प्रसंग येईपर्यंत ते खरं की खोटं कळत नाही.

आधीच्या सिद्धान्तांत याचं उत्तर तयार सापडेल असं वाटतं, पण तिथे जपून जायला हवं. स्तानिस्लाव्हस्की नटाला विचारायला लावतो की या प्रसंगात पात्राला काय हवंय, आणि सगळ्या नाटकातून धावणारी त्याची मोठी इच्छा कोणती. हा हेतूचा विचार आहे, आणि तो लिहिलेलं नाटक समोर धरून केलेला आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ स्थायी, तेहतीस व्यभिचारी आणि आठ सात्त्विक भाव आहेत. 'स्थायी भाव' म्हणजे पात्राचा कायमचा स्वभाव, असं समजण्याचा मोह होतो. पण भरताचा रोख प्रयोगातून प्रेक्षकाला येणाऱ्या रसाकडे आहे. एखाद्या माणसाच्या मनाचा नकाशा काढणं हे त्याचं काम नाही. शब्द ओळखीचा दिसला म्हणून संकल्पना आपल्या प्रश्नाची होत नाही, एवढं यातून घेऊन पुढे जाऊ.

स्वभाव कागदावर कसा आला

1974 मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आला तेव्हा शीटवर मनासाठी फार जागा नव्हती. हा खेळ लष्करी डावपेचांच्या युद्धखेळांतून निघालेला. ताकद, बुद्धी, चपळाई वगैरे सहा गुणांचे आकडे होते, आणि पात्र सुव्यवस्थेच्या बाजूचं, अनागोंदीच्या बाजूचं की मधलं, एवढी एक नोंद होती. 1978 च्या खेळाडू-पुस्तिकेत या नोंदीला चांगलं-वाईट हा दुसरा अक्ष जोडून नऊ खणांचा तक्ता झाला. हा तक्ता स्वभाव सांगत नाही. पात्र कोणत्या गोटातलं हे सांगतो. तरी खेळाडू त्याचा स्वभावासारखा वापर करतात. 'माझं पात्र अनागोंदीवादी आहे, म्हणून मी मित्राची थैली चोरली.' इथे 'म्हणून' या शब्दावर जरा थांबा. तक्त्यातला खण हे चोरीचं कारण झालं. माणूस कुठेच आला नाही.

पुढच्या काही खेळांनी हा प्रश्न जास्त गांभीर्यानं घेतला. ग्रेग स्टॅफर्डच्या 1985 च्या 'पेन्ड्रॅगन'मध्ये आर्थर राजाच्या सरदारांची पात्रं आहेत. तिथे स्वभावाच्या 13 जोड्या आहेत. दयाळू आणि क्रूर, विश्वासू आणि संशयी, अशा. प्रत्येक जोडीची बेरीज 20. दया वाढली की क्रौर्य तेवढंच घटतं. महत्त्वाच्या क्षणी वीस बाजूंचा फासा टाकून पात्र कसं वागेल ते ठरू शकतं, आणि एखादा गुण फारच वाढलेला असेल तर खेळाडूला मनाप्रमाणे वागायची मोकळीक उरत नाही. मला यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. हे आकडे खेळताना बदलतात. सरदारानं वारंवार दया दाखवली तर तो दयाळू होत जातो. म्हणजे इथे स्वभाव हा वागण्याचा साठलेला हिशेब आहे.

1991 च्या 'व्हॅम्पायर: द मास्करेड'नं आतला स्वभाव आणि लोकांना दिसणारा चेहरा असे दोन रकाने वेगळे केले. आतल्या स्वभावाला धरून वागलं की पात्राची खर्ची पडलेली इच्छाशक्ती परत मिळते. कल्पना देखणी आहे, पण अडचण उघड आहे. आतलं आणि बाहेरचं यांतली दरी खेळ सुरू व्हायच्या आधीच दोन शब्दांत भरून टाकली, तर ती कुणाला शोधायची उरते का?

2014 च्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या पाचव्या आवृत्तीत स्वभावविशेष, आदर्श, बंध आणि दोष असे चार रकाने आले. हवं तर फासे टाकून तक्त्यातून ते निवडायचे. त्यांना धरून खेळलं तर गेम मास्टर बक्षीस म्हणून 'इन्स्पिरेशन' देऊ शकतो. नवख्या खेळाडूला बोट धरून चालवण्यासाठी हे बरं आहे. पण नियमांचा बाकीचा भाग या चार रकान्यांशिवाय आरामात चालतो. गेम मास्टरला आठवलं तर बक्षीस, नाही तर नाही. 2024 च्या आवृत्तीत पार्श्वभूमीसोबत येणारे हे तक्ते काढून टाकले, आणि ते नसल्यानं खेळ कुठे अडला नाही. यावरूनच ते खेळाच्या सांध्यात बसलेले नव्हते हे दिसतं.

या सगळ्यांत ल्यूक क्रेनचा 2002 चा 'बर्निंग व्हील' वेगळा पडतो. तिथे खेळाडू पात्राच्या काही श्रद्धा लिहितो, आणि गेम मास्टरचं कामच ठरतं की त्या श्रद्धांना आव्हान द्यायचं. श्रद्धेचा पाठपुरावा केला तर बक्षीस. आणि प्रसंग असा आला की श्रद्धेविरुद्ध वागावं लागलं आणि तो संघर्ष टेबलावर दिसला, तर त्यालाही बक्षीस. शीटवरचं वाक्य इथे प्रश्नपत्रिकेसारखं आहे; उत्तर टेबलावरच लिहायचं.

या खेळांच्या क्रमाकडे विकास म्हणून बघू नका. 'आधी कच्चे होते, मग परिपक्व झाले' ही गोष्ट सांगायला सोपी आहे, पण 1985 चा 'पेन्ड्रॅगन' 2014 च्या चार रकान्यांपेक्षा या बाबतीत कितीतरी पुढे आहे. काळाऐवजी एक प्रश्न घेऊन या खेळांकडे बघा: या नियमांत पात्राला 'का?' असं विचारण्याची जबाबदारी कुणावर आहे? बऱ्याच ठिकाणी उत्तर येतं की कुणावरच नाही.

शेवट ठरलेला, कारण मोकळं

आता कोकणात येऊ. दशावताराचा मुख्य मुलूख आजचा सिंधुदुर्ग आणि त्याला लागून गोवा. 1 मे 1981 पर्यंत सिंधुदुर्ग हा रत्नागिरी जिल्ह्याचाच भाग होता, त्यामुळे जुने कागद चाळताना जिल्ह्याच्या नावावरून फसू नका. जत्रेत पालखी झाल्यावर रात्री उशिरा नाटक सुरू होतं. पायपेटी, मृदंग, झांज, राजाचं सिंहासन म्हणून एक बाकडं, स्वतःच रंगलेले नट आणि स्त्रीपार्ट करणारे पुरुष. आधी संकासुराचा आडदशावतार, मग रामायण-महाभारत-पुराणांतलं आख्यान, आणि पहाटे शेवट.

संशोधक म्हणून आपल्याला महत्त्वाचं हे की परंपरेनं या आख्यानाला लेखी संहिता नसते. कोणतं आख्यान, कोण कोणता पार्ट करणार आणि प्रसंगांचा क्रम काय, हे ठरतं. संवाद नटानं उभ्या उभ्या बोलायचे. 'संयुक्त दशावतार' हा प्रकार तर आणखी बोलका आहे. वेगवेगळ्या मंडळांचे नट एका प्रयोगापुरते एकत्र येतात आणि समोरचा काय बोलेल हे माहीत नसताना रात्र काढतात. मराठी रंगभूमीला हे परकं नाही. 1843 मध्ये सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं, त्या धाटणीच्या नाटकांतही पदं बांधलेली असत आणि गद्य भाषण बरंचसं नटांच्या हजरजबाबीपणावर चाले.

एक उदाहरण कल्पनेनं उभं करू. कोणत्याही ठरावीक प्रयोगातलं हे नाही. कीचकाचं आख्यान आहे. कीचक सैरंध्रीच्या मागे लागणार आणि शेवटी भीमाच्या हातून मरणार, हे समोर बसलेल्या शाळकरी पोरालाही माहीत आहे. हेतू ठरलेला, शेवट ठरलेला. सुदेष्णेचा पार्ट करणारा नट समोरून विचारतो, 'बंधुराज, अवघं मत्स्यदेशाचं सैन्य ज्याच्या शब्दावर हलतं, तो एका दासीपुढे इतका हतबल कसा?'

आता कीचकाला उत्तर द्यावंच लागेल. गप्प बसला तर प्रसंग पडला. तो म्हणू शकतो, मी मागितलेलं आजवर कुणी नाकारलं नाही. मग हा सत्तेनं बिघडलेला कीचक झाला. तो म्हणू शकतो, ती दासी नाहीच, तिच्या चालण्यात राणी आहे आणि ते फक्त मला दिसतंय. मग तो विषयांध असूनही नजरेचा पारखी झाला, आणि प्रेक्षकांच्या अंगावर काटा येतो, कारण त्याचं म्हणणं खरं आहे. तो बहिणीवरच उलटू शकतो: या सिंहासनाला टेकू माझा, आणि मान राजाला. मग सैरंध्री हे निमित्त झालं आणि खरी जखम दुसरीकडेच निघाली. तिन्ही कीचक त्याच नृत्यशाळेत मरतात. पण सुदेष्णेनं नेमकं तेच विचारलं म्हणून, आणि त्या रात्री त्या नटाला तेच सुचलं म्हणून, तीन वेगळी माणसं मरतात.

आता माझा मुख्य मुद्दा. दशावतारात काय घडणार हे बांधलेलं असतं, म्हणून नटाची सगळी मोकळीक 'का'मध्ये जाते. टेबलटॉप खेळात काय घडणार हे मोकळं असतं, आणि त्या मोकळेपणाच्या धास्तीनं आपण 'का' आधीच बांधून टाकतो. दोन पानांची बॅकस्टोरी हा बहुधा त्या धास्तीवरचा उतारा असतो. पण बांधलेल्या 'का'ला कुणी प्रश्न विचारत नाही, कारण उत्तर शीटवर आहे असं सगळे धरून चालतात. मग सूड हवा असलेल्या त्या होडीवालीला सहा सत्रांत कुणीच विचारत नाही की सावकार मेल्यावर तू काय करणार. आणि तिच्या खेळाडूलाही ते सुचत नाही.

अंतःस्वभाव 'आत' असतो हे आपण रूपक म्हणून बोलतो आणि मग ते खरंच मानून चालतो. वरच्या उदाहरणात कीचकाचा अंतःस्वभाव सुदेष्णेच्या प्रश्नाआधी कुठे होता? नटाच्या मनातही तो पुरता नव्हता. तो दोघांच्या मध्ये, बोलण्याच्या ओघात तयार झाला. पात्र खोल वाटलं, तर ती खोली बऱ्याचदा समोरच्यानं खणलेली असते.

उलट टोकाचं उदाहरण संकासुराचं. पुराणात त्याचा हेतू सरळ आहे, वेद पळवणं. रंगमंचावर काळ्या कपड्यांतला हा असुर येतो तेव्हा त्या हेतूचं कुणाला फारसं पडलेलं नसतं. लोक त्याच्या मालवणी बोलण्याची आणि कोट्यांची वाट बघत असतात. रत्नागिरीकडच्या शिमग्यात आणि नमन-खेळ्यांतही संकासुर येतो आणि पोरं त्याच्यामागे धावतात. हेतू जवळजवळ पुसलेला, कारण कुणी विचारत नाही, आणि तरी स्वभाव इतका ठळक की नुसत्या चालीवरून ओळखू यावा. प्रेरणेतून स्वभाव निघतो, हे सूत्र संकासुरापुढे टिकत नाही.

'का' बदलला म्हणून बंदी

कारण बदलणं ही फक्त अभिनयाची गंमत आहे असं वाटत असेल तर 1907 कडे बघा. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 'कीचकवध' त्या वर्षी रंगमंचावर आलं. कथा महाभारतातलीच, शेवटही तोच. पण बंगालच्या फाळणीनंतरचे ते दिवस होते, आणि खाडिलकर टिळकांच्या 'केसरी'तले. कीचकात लोकांना कर्झन दिसला, अपमानित द्रौपदीत देश, युधिष्ठिराच्या सबुरीत मवाळ आणि भीमाच्या संतापात जहाल. 1910 मध्ये ब्रिटिश सरकारनं या नाटकावर बंदी घातली.

आता नीट बघा, बंदी कशावर आली? भीम कीचकाला मारतो ही गोष्ट सरकारला अडवता येण्यासारखी नव्हती; ती गावोगावच्या कीर्तनांत सांगितली जात होती. सरकारला खुपलं ते त्या वधामागचं 'का' आणि युधिष्ठिर-भीमाच्या वादातून ते ज्या प्रकारे उभं राहिलं ते. प्रेक्षकांनीही त्यात आपलं कारण भरलं. म्हणजे पात्राची प्रेरणा ठरवण्यात तिसरा वाटेकरीही असतो, तो म्हणजे बघणारा.

इथे पुराव्याचा एक फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. 'कीचकवध' छापील होतं, म्हणून आजही आपण पान उघडून त्यातलं 'का' तपासू शकतो. जत्रेतल्या कीचकाचं 'का' उजाडेपर्यंत विरून जातं. टेबलटॉप खेळ या बाबतीत जत्रेच्या बाजूला आहे. शीट उरते, बोलणं उरत नाही. आणि जे उरतं तेच महत्त्वाचं होतं असं मानण्याची चूक संशोधनात फार सहज होते.

तुलना कुठे थांबवायची

'दशावतार म्हणजे आपला कोकणी डंजन्स अँड ड्रॅगन्स' असं शीर्षक परिसंवादात टाळ्या घेईल, पण प्रबंधात ते टिकणार नाही. निदान चार फरक आहेत.

एक, जत्रेत प्रेक्षक आहे आणि नट त्याच्यासाठी बोलतो. टेबलावर खेळणारेच बघणारे असतात. दोन, दशावतारी नटाचं पोट त्यावर असतं; खेळाडूचा तो छंद असतो. तीन, कीचक किंवा रावण परंपरेनं आधीच भरून दिलेला असतो. होडीवाली त्या खेळाडूनं काल रात्री जन्माला घातलेली असते, तिच्यामागे हजार वर्षांच्या कथा नाहीत.

चौथा फरक आपणच बऱ्याचदा विसरतो. उत्स्फूर्त म्हणजे शून्यातून नव्हे. दशावतारी नटाजवळ साठा असतो: श्लोक, पदं, ऐकलेली जुनी भाषणं, थोरल्या नटांच्या लकबी, राजपार्टाचं किंवा स्त्रीपार्टाचं वर्षानुवर्षांचं वळण. प्रश्न आला की या साठ्यातून उत्तर जुळतं. शिवाय परंपराही एका जागी थांबलेली नाही. ट्रिकसीनची नाटकं आली आणि बोलण्याइतकंच दृश्यालाही महत्त्व आलं. टेबलावरच्या खेळाडूकडेही साठा असतोच, कादंबऱ्यांचा, सिनेमांचा, मालिकांचा. त्याचं पात्र बोलतं तेव्हा अर्धं बोलणं तिथून येतं. म्हणून 'पात्राचा मूळ स्वभाव' शोधताना, हा स्वभाव कोणत्या साठ्यातून आला, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

मग तुलना करायचीच कशाला? कारण ती एक गृहीतक उघडं पाडते. संहितेशिवाय आणि शीटशिवायही पात्राला घट्ट अंतःस्वभाव असू शकतो, हे दशावतार दाखवतो. एवढं दाखवलं की तुलनेचं काम झालं. साम्यांची यादी वाढवत बसलात तर विषय हातातून सुटेल.

मग संशोधकानं बघायचं काय?

गॅरी ॲलन फाइन या समाजशास्त्रज्ञाचं 1983 चं 'शेअर्ड फॅन्टसी' हे या खेळांवरच्या सुरुवातीच्या मोठ्या क्षेत्रीय अभ्यासांपैकी एक. गॉफमनच्या चौकटींच्या कल्पनेवरून त्यानं दाखवलं की टेबलावर बसलेला माणूस एकाच वेळी तीन पातळ्यांवर असतो: रोजच्या आयुष्यातली व्यक्ती, नियम माहीत असलेला खेळाडू आणि काल्पनिक जगातलं पात्र. तो सारखा या पातळ्यांमध्ये ये-जा करतो.

प्रेरणेच्या प्रश्नाला ही मांडणी लावून बघा. होडीवाली सावकाराला सोडून देते. का? पात्र म्हणून तिला दया आली असेल. खेळाडू म्हणून तिला ठाऊक असेल की जिवंत सावकार पुढे उपयोगी पडेल. आणि व्यक्ती म्हणून, रात्रीचे साडेअकरा झालेत आणि तिला शेवटची बस पकडायची आहे. शीटवर फक्त पहिल्या उत्तराला जागा आहे. बाकीची दोन तुम्ही हजर राहिल्याशिवाय मिळणार नाहीत.

म्हणून या विषयावर काम करायचं ठरवत असाल तर माझ्या मते सिनॉप्सिसमध्ये पुढच्या गोष्टी स्पष्ट असाव्यात.

'प्रेरणा' हा शब्द कुठे हेतू, कुठे कारण आणि कुठे स्वभाव या अर्थानं वापरताय ते पहिल्या दोन पानांतच सांगा. पुढे तोच शब्द तिन्ही अर्थांनी फिरू लागला तर निष्कर्ष निसरडे होतात.

शीट हा एक दस्तऐवज आहे. तो खेळापूर्वीचं भाकीत सांगतो. त्याला तसंच वापरा. खेळाच्या आधीची शीट आणि दहा सत्रांनंतर त्याच खेळाडूनं पात्राचं केलेलं वर्णन शेजारी ठेवलं, तर त्या दोहोंतला फरक हाच तुमचा खरा पुरावा. तो फरक कोणत्या प्रसंगात पडला हे शोधायला मग सत्रांच्या ध्वनिमुद्रणाकडे वळावं लागेल.

मुलाखतीत 'तुमच्या पात्राची प्रेरणा काय?' असं विचारू नका. माणूस घडून गेलेल्या गोष्टीला नंतर नीटनेटकं कारण देतो, आणि संशोधकासमोर तर जास्तच नीटनेटकं. त्याऐवजी एक ठरावीक क्षण घ्या. 'तिनं सावकाराला सोडलं, त्याच्या आधी कोण काय म्हणालं होतं?' तिथून प्रश्नकर्ता सापडतो. ध्वनिमुद्रण करायचं तर टेबलावरच्या प्रत्येकाची लेखी संमती घ्या, आणि जत्रेत मंडळाची परवानगी. खेळात लोक पात्राच्या आडून स्वतःचं बरंच काही बोलून जातात, म्हणून प्रबंधात काय छापायचं याचा निर्णय त्यांना दाखवून करा.

नियमपुस्तकाचं विश्लेषण करणार असाल तर स्वभावाचे रकाने किती आहेत हे मोजण्यात फार हाती लागणार नाही. त्या रकान्याला प्रश्न विचारणं कुणाचं काम आहे, उत्तरानं खेळात काही बदलतं का, आणि उत्तर आधीच्या भाकिताविरुद्ध गेलं तर नियम त्याला शिक्षा करतात की दाद देतात, हे बघा. या तीन प्रश्नांवर 'पेन्ड्रॅगन', 'बर्निंग व्हील' आणि 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' एकमेकांपासून किती लांब पडतात ते लगेच दिसेल.

विषय निवडण्याआधी एक छोटा सराव करून बघा. एखाद्या खेळाचं एक सत्र किंवा जत्रेतलं एक आख्यान पूर्ण बसून ऐका. वहीत पात्रांची वर्णनं लिहू नका. फक्त एवढंच टिपा, की कोणी कोणाला 'का' विचारलं, थेट किंवा आडून, आणि उत्तर द्यायला किती वेळ लागला. रात्र संपेपर्यंत दोन-तीन पानं भरली तर त्या टेबलावर किंवा त्या मंचावर तुमच्या अभ्यासाला विषय आहे. पान कोरंच राहिलं, तर शीटवर कितीही सुंदर बॅकस्टोरी असली तरी दुसरं टेबल शोधा. किंवा मग ते पान कोरं का राहिलं, हाच विषय घ्या.